परंड्यात आलेला परका : मलिक अंबर

परंड्याचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. कुणी शाळेच्या सहलीत, कुणी बार्शीला जाता-येता वाट वाकडी करून. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवरच्या तोफा, आत उगवलेले गवत. आपण फिरतो, चार फोटो काढतो आणि परत येतो. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातला हा किल्ला काही वर्षे एका राज्याची राजधानी होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती राजधानी येथे आणणारा माणूस दख्खनचा नव्हता, हिंदुस्थानचाही नव्हता, हे तर त्याहून थोड्यांना ठाऊक असते. तो आफ्रिकेतून आलेला, काळ्या वर्णाचा, बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

तो ख्रिस्ती नव्हता आणि संतही नव्हता. त्याच्या हातून एक भयंकर कृत्यही घडले, असे सांगितले जाते. ते या लेखात पुढे येईलच. मग आपल्या रविवारच्या पत्रिकेत त्याचे चरित्र कशाला? कारण परका माणूस गावाच्या वेशीवर आला की आपल्या मनात जी भीती उभी राहते, तिची गोष्ट या एका आयुष्यात पुरेपूर भरलेली आहे. आणि ती गोष्ट कुठल्या दूरच्या देशात नाही, आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे.

हबसाणातला मुलगा

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. आपल्याकडे जुन्या काळी त्या देशाला हबसाण म्हणत आणि तिथून आलेल्या लोकांना हबशी. बायबल वाचणाऱ्यांना हा देश अनोळखी नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात राणीच्या खजिन्यावरचा एक इथिओपियन अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो, आणि फिलिप त्याला बाप्तिस्मा देतो. चौथ्या शतकात तेथील राजाने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, तेव्हा युरोपातले बहुतेक देश ख्रिस्ती झालेले नव्हते.

या मुलाचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. आईवडिलांनीच गरिबीपायी त्याला विकले, असेही काही वृत्तान्त सांगतात. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. तिथून तो बगदादला पोहोचला. तेथील मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याला हा मुलगा हुशार वाटला. त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. गुलामांना सुवासांची आणि रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती.

शिकवले खरे, पण पुढे विकलेही. १५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे १,००० हबशी गुलाम होते. अंबर त्यातला एक. राज्याचा हिशेब कसा ठेवतात, फौज कशी हाकतात, दरबारात कोण कुणाच्या कानाला लागतो, हे सारे तो या घरात शिकला.

येथे आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. माणसे विकण्याचा हा धंदा केवळ अरबांचा नव्हता. गोव्याचे पोर्तुगीजही आफ्रिकेतून गुलाम आणत, विकत आणि घरी राबवत. रविवारी मिस्साला जाणारी, स्वतःला पक्के कॅथलिक म्हणवणारी घरे त्यांत होती. गोव्यातून पळून सह्याद्रीच्या जंगलात शिरलेल्या गुलामांचे वंशज म्हणजे आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात राहणारे सिद्दी. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. शेकडो वर्षे येथे राहूनही, कोकणी आणि कानडी बोलूनही, त्यांना आज बसस्टँडवर लोक विचारतात की तुम्ही कुठल्या देशाचे. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या ख्रिस्तसभेतले हे आपले भाऊबंद आहेत.

घरचे आणि परके

अंबर ज्या दख्खनमध्ये आला, तेथे परक्याच्या प्रश्नावरून रक्त सांडण्याची जुनी सवय होती. सुलतानांच्या दरबारात दोन तट होते. एक दख्खनींचा, म्हणजे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मुसलमान सरदारांचा. दुसरा परदेशींचा, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेल्यांचा. परदेशी लोक दख्खनींना अडाणी समजत. दख्खनी म्हणत की हे उपरे येऊन आमच्या तोंडचा घास काढतात. हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूने उभे राहत.

परंड्याचा किल्ला ज्याने बांधला असे मानतात, तो बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान इराणातून आलेला परदेशी होता. त्याच्या शत्रूंनी त्याच्या नावाने एक खोटे पत्र तयार केले. सुलतानाने शहानिशा केली नाही, आणि १४८१ मध्ये त्या वृद्ध वजिराचे मुंडके उडवले. पुढे १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशींची कत्तल झाली. प्रसिद्ध इतिहासकार फिरिश्ता तेव्हा त्या शहरात होता. तो कसाबसा वाचला आणि विजापूरला निघून गेला. या कत्तलीत दख्खनींच्या बरोबरीने हबशीही होते. कालपर्यंत जे स्वतः उपरे होते, तेच आज नव्या उपऱ्यांवर तुटून पडले.

अंबरचा धनी चंगीझखान याचाही बळी अशाच कानभरणीने घेतला. तो स्वतःचे वेगळे राज्य उभारणार आहे, असे सुलतानाला कुणीतरी पटवून दिले. सुलतानाने १५७४ च्या सुमारास त्याला विष देवविले. चंगीझखानाच्या विधवेने अंबरला गुलामीतून मुक्त केले. अंबर तेव्हा पंचविशीचा होता. हाती स्वातंत्र्य होते, पण गाव नव्हते, जात नव्हती, पाठीशी उभे राहणारे नातेवाईक नव्हते. पुढची वीस वर्षे तो तलवारीवर पोट भरत हिंडला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याने चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. १५९५ मध्ये तो १५० स्वार घेऊन निजामशाहीत परतला.

परंड्याचा दरवाजा

परतला तेव्हा राज्य बुडायला आले होते. अकबराची मोगल फौज अहमदनगरवर चालून आली होती. चांदबिबीने १५९५–९६ मध्ये तट कोसळत असतानाही शहर राखले. पण १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला, आणि ती मोगलांना फितूर झाली आहे अशी आवई शहरात उठली. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. त्यानंतर काही दिवसांतच अहमदनगर पडले. सुलतानाला मोगलांनी कैद करून नेले.

राज्य संपले असे सर्वांना वाटत असताना मलिक अंबरने ते पुन्हा उभे केले. निजामशाही घराण्यातला एक राजपुत्र त्याने शोधून काढला, आपली मुलगी त्याला दिली आणि मुर्तजा निजामशाह दुसरा या नावाने १६०० मध्ये त्याला परंड्यात गादीवर बसवले. परंड्याच्या किल्लेदाराने सुरुवातीला त्यांना आत घ्यायला टाळाटाळ केली, असे सांगतात. एक हबशी सरदार, एक कुणाला माहीत नसलेला राजपुत्र आणि मागे लढून थकलेली फौज, अशा लोकांना कोण दरवाजा उघडेल? पण अखेर दरवाजा उघडला. आणि पुढची सुमारे सात वर्षे, १६०७ पर्यंत, अहमदनगर हरवून बसलेल्या राज्याचा कारभार आपल्या परंड्यातून चालला.

ती वर्षे सोपी नव्हती. उत्तरेकडून मोगल आणि घरात राजू नावाचा दख्खनी प्रतिस्पर्धी, अशा दोन आघाड्यांवर अंबर लढत होता. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला. त्याच्या माणसांनी त्याला रणांगणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. ही माणसे कोण होती? १६१० मध्ये विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने जी माहिती नोंदवली, त्यानुसार अंबरकडे सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी होते. म्हणजे त्याच्या मागे चालणाऱ्या दर पाच माणसांत चार याच मातीतली होती. त्यांत मराठे मोठ्या संख्येने होते. हलक्या घोड्यांवरून अचानक येणे, रसद तोडणे, डोंगरात दिसेनासे होणे, ही लढण्याची पद्धत अंबरने मराठा स्वारांच्या बळावर वाढवली. मालोजीराजे भोसले आणि पुढे शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. वेरूळचे भोसले आणि इथिओपियाचा हबशी एकाच छावणीत, एकाच राज्यासाठी रक्त सांडत होते.

मुलीचा अपमान

आता त्या दुःखद प्रसंगाकडे वळू या. ही हकिकत डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने ऐकून लिहून ठेवली आहे. हा व्यापारी १६१७ मध्ये मलिक अंबरला प्रत्यक्ष भेटला होता.

सुलतान मुर्तजाची थोरली बेगम गोरी, इराणी वंशाची होती. १६१० मध्ये एके दिवशी तिचे अंबरच्या मुलीशी भांडण झाले. बोलता बोलता तिने सवतीचा वर्ण काढला. ती केवळ एक हबशी गुलाम आहे, सुलतानाची रखेल आहे आणि तिचा बाप बंडखोर आहे, अशा अर्थाचे ती बोलली. ज्या माणसामुळे तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर मुकुट होता, त्याच्याच मुलीला तिने हे ऐकवले.

मुलीने बापाला निरोप पाठवला. अंबरने दहा वर्षे मोगलांचे घाव सोसले होते, हा घाव त्याला सोसवला नाही. त्याने आपल्या माणसाकरवी सुलतान आणि बेगम दोघांनाही विष देवविले, असे ही हकिकत सांगते. मग सुलतानाचा लहान मुलगा गादीवर आला, आणि सत्ता पूर्वीसारखीच अंबरच्या हाती राहिली.

या कृत्याचे समर्थन आपण करू शकत नाही. अपमान कितीही मोठा असला तरी खून तो खूनच. ज्या विषाने त्याचा धनी मेला, तेच विष अंबरने उचलले. पण एवढेच म्हणून पुढे गेलो तर आपले शिकणे अर्धेच राहील. अंबर तेव्हा साठीला पोहोचला होता. चाळीस वर्षांत त्याने राज्य वाचवले होते, घरदार केले होते, या भूमीची भाषा आणि माणसे आपली केली होती. तरी राजवाड्याच्या आतल्या दालनात त्याची मुलगी हबशीणच राहिली. माणसाने काहीही केले तरी त्याचा रंगच शेवटी मोजायचा, असे जिथे ठरते, तिथे भल्याभल्यांच्या मनात काय साचत जाते, याचा विचार अपमान करणाऱ्यांनीही करायला हवा. विष बाटलीत भरण्याच्या आधी ते शब्दांत होते.

बादशहाचा बाण

अकबरानंतर जहांगीर मोगल बादशहा झाला. त्याने वर्षामागून वर्षे दख्खनवर फौजा पाठवल्या. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी त्याची नवी राजधानी लुटून उद्ध्वस्त केली. तरी अंबर पुन्हा उभा राहिला. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचे नाव काढताना जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या काळ्या चेहऱ्यावरून शिवी दिली आहे.

त्याच सुमारास जहांगीरचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात भाल्यावर मलिक अंबरचे कापलेले मुंडके टोचलेले आहे, आणि जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण सोडतो आहे. अंबरचा काळा रंग म्हणजे अंधार आणि बादशहा म्हणजे उजेड, असे चित्रात सुचवले आहे. हे चित्र आज डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर यांची आयुष्यात कधी समोरासमोर गाठ पडली नाही. ज्याला पाहिलेही नाही, त्याच्या कातडीचा एवढा राग!

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पेरू देशातील लिमा शहरात, एक मिश्र वर्णाचा तरुण डॉमिनिकन मठात झाडलोट करत होता, आजाऱ्यांची सेवा करत होता. त्याचे वडील स्पॅनिश, आई आफ्रिकन वंशाची, गुलामीतून सुटलेली. आफ्रिकन रक्ताच्या माणसाला मठाचे पूर्ण सदस्यत्व द्यायला तिथल्या नियमांनी मनाई होती. म्हणून कित्येक वर्षे तो नोकराच्या पायरीवर राहिला. तोच आपला संत मार्टिन डी पोरेस. जन्म १५७९, मृत्यू १६३९. ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून जाहीर केले ते १९६२ मध्ये. रंगावरून माणूस मापण्याचा रोग राजवाड्यात होता तसा मठातही होता. मार्टिनने त्याला सेवेने उत्तर दिले. अंबरकडे ते उत्तर नव्हते. पण दोघांना विचारलेला प्रश्न एकच होता.

जमीन आणि पाणी

आता अंबरने या भूमीला काय दिले ते पाहू या. परंड्याहून राजधानी जुन्नरला गेली. १६१० मध्ये अंबरने खडकी या लहानशा गावी नवे शहर वसवायला घेतले. तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्याचा दुष्काळ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तो अंबरलाही कळला होता. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून बांधलेल्या नहरीने त्याने खडकीत आणले. ना मोट, ना रहाट. उताराच्या अचूक हिशेबावर पाणी आपोआप शहरात येई आणि घरोघर खेळे. नहर-ए-अंबरी या नावाने ती ओळखली जाते, आणि शेकडो वर्षे तिने त्या शहराची तहान भागवली.

दुसरे काम शेतसाऱ्याचे. पूर्वी गावांची वसुली ठेकेदाराला मक्त्याने दिली जाई. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून जमेल तेवढे ओरबाडी. अंबरने ही मक्तेदारी बंद केली. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष आलेले पीक पाहून सारा ठरवायची पद्धत घातली. पाटील-कुलकर्ण्यांची गावव्यवस्था पुन्हा उभी केली, ओसाड गावे वसवली. मलिकंबरी धारा म्हणून ती पद्धत पुढे कित्येक पिढ्या प्रसिद्ध राहिली. शिवकाळातल्या कागदपत्रांतही तिचा दाखला येतो. कवींद्र परमानंदांनी शिवभारतात मलिक अंबरच्या पराक्रमाचा आदराने उल्लेख केला आहे. जो माणूस बादशहाच्या लेखी फक्त काळा होता, तो आपल्या शेतकऱ्याच्या लेखी बरा सारा लावणारा मलिकंबर होता. रयतेने त्याचा रंग लक्षात ठेवला नाही, त्याचे काम ठेवले.

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशा दोन बलाढ्य फौजा एकत्र त्याच्यावर आल्या. अंबर तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला होता. अहमदनगरजवळ भातवडी येथे तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले.

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबर मरण पावला. खुलताबादला त्याची कबर आहे, शेजारीच पत्नी बीबी करीमाची. त्याच्या मृत्यूनंतर मोगल दरबाराचाच इतिहासकार मुतमदखान याने लिहून ठेवले की युद्धात आणि राज्यकारभारात या माणसाला जोड नव्हती आणि त्याने आयुष्य सन्मानाने शेवटास नेले. शत्रूच्या लेखणीने हे मान्य केले, पण तो गेल्यावर. त्याच्यानंतर दहा वर्षांत, १६३६ पर्यंत, निजामशाही पूर्ण बुडाली.

आपल्या वेशीवर

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. हबशी हा शब्द आजही आपल्या तोंडी टिंगलीसाठी येतो. सून पाहायला निघालो की गोरी हवी, निदान गव्हाळ तरी हवी, हे आपणही म्हणतो. लग्नाच्या जाहिराती ख्रिस्ती असोत की आणखी कुणाच्या, त्यांत रंगाचा रकाना असतोच. ती थोरली बेगम एकटी नव्हती.

परक्याची भीतीही तशीच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. बहुतेक जण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे होते. पोटासाठी भिक्षा मागत फिरत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप मोबाईलवर फिरत होते. चांदबिबीला मारणाऱ्यांना ऐकीव आवई पुरली होती, राईनपाड्यात मोबाईलवरचा निरोप पुरला.

आपल्या गावांच्या कडेलाही माणसे येऊन राहतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, हॉटेलात काम करणारी दूरच्या राज्यांतली मुले. पालात राहणारी पारधी कुटुंबे. यांपैकी पारध्यांना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, पण आपल्या मनातला पुसला गेलेला नाही. गावात चोरी झाली की पहिले बोट कुणाकडे जाते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आणि आपणही कुणाच्या तरी वेशीवरचे परके आहोतच. याच जिल्ह्यातून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, कारखान्याच्या माळावर कोप्या घालून राहतात. आपली मुले पुण्या-मुंबईत खोली शोधतात, तेव्हा घरमालक आडनाव, जात, धर्म विचारून दार लावून घेतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली उमरग्याकडची गावे मातीत गेली, सुमारे ८,००० माणसे गेली. तेव्हा ढिगारे उपसायला, जखमींना पाणी पाजायला जे आले, त्यांतल्या कितीतरी जणांची भाषाही आपल्याला कळत नव्हती. त्या दिवशी कुणी त्यांना परके म्हटले नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात इस्राएल लोकांना पुन्हा पुन्हा बजावले आहे की परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. आणि न्यायाच्या दिवशी प्रभू स्वतःला परक्यांच्या रांगेत उभा करून आपल्याला जाब विचारणार आहे, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. तेव्हा या आठवड्यात फार मोठे काही नको. आपल्या गल्लीत, कामावर, शेजारच्या पालात जो नवा माणूस आला असेल त्याला त्याचे नाव आणि गाव विचारू या. मुलांसमोर कुणाच्या रंगावरून, बोलीवरून टिंगल झाली तर तिथल्या तिथे थांबवू या. कुणाविषयी भीती घालणारा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवण्याआधी खरे काय ते पाहू या. आणि पुढच्या वेळी मुलांना घेऊन परंड्याला गेलो की त्यांना आवर्जून सांगू या की या दरवाजातून एक आफ्रिकन माणूस आत आला होता, आणि त्याने आपल्या मराठवाड्याला पाणी दिले.

परक्याच्या चेहऱ्यात प्रभूला ओळखण्याची दृष्टी तो आपल्या सर्वांना देवो.